दोन बोरवाड्यांचा एकच रिपोर्ट

"भाडेकरू कुणाला म्हणतो बे?"

लिंबागणेशच्या बाजूला एक गाव आहे. खरं नाव लिहीत नाही, आपण त्याला बोरवाडी म्हणू. त्या बोरवाडीच्या समाजमंदिरात भरल्या सभेत मला हा प्रश्न आला. माझ्या पाठीमागे भिंतीला पांढरं धोतर ताणून लावलं होतं आणि त्यावर प्रोजेक्टरमधून आमच्या नव्या यंत्रणेचं पहिलं पान पडलं होतं. पानावर ठळक अक्षरांत उमटलं होतं : 'भाडेकरू – हिरकणी दूध संस्था, बोरवाडी.' (संस्थेचं नावही मीच ठेवलेलं, या लेखापुरतं.) प्रश्न मागच्या रांगेतून आला होता. पुढच्या रांगेत बसलेले संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब मात्र शांत होते, आणि ते शांत बसले की मागची रांग उठून उभी राहते हे मला ठाऊक होतं.

बापूसाहेबांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "इलासराव," ते म्हणाले, "ही जागा आमच्या आज्यानं दिली. समाजमंदिर आमच्या बापानं उभं केलं. मशीनला खटपट आमी केली. आन तुमच्या धोतरावर भाडेकरू बी आमीच?"

आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अशा गिऱ्हाइकाला इंग्रजीत 'टेनंट' म्हणतात. पुण्याच्या ऑफिसात कुणीतरी शब्दकोश उघडला, समोर आला तो शब्द उचलला आणि मराठीकरण झालं म्हणून जाहीर केलं. ज्या माणसाच्या शेताच्या बांधावरून चालताना आवाज खाली करतात, त्याला बीड जिल्ह्यात भाडेकरू म्हटल्यावर काय होतं हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही. परत येताना गाडीतूनच मी पुण्याला फोन केला आणि तो शब्द काढून तिथे 'मालक' घालायला सांगितलं. सगळे मालक झाले आणि पुढच्या सभेला चहाबरोबर भजीसुद्धा आली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाविषयी लिहा" असा निरोप पाठवला तेव्हा आमची बायको म्हणाली, "आधी काम काय ते मला सांगा, मग त्यांना." इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढंच कळलंय की मी दूध विकत नाही, मशीन दुरुस्त करत नाही, आणि तरी दुधाचं काही बिनसलं की फोन मलाच येतो. तेव्हा तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी एकदाच सांगतो.

गावचं दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर येतं. तिथे स्टीलची मोठी टाकी असते, तिला बल्क कूलर म्हणतात, गावात नुसतं मशीन. दूध तिच्यात ओतलं की ते गार होतं आणि टँकर येईपर्यंत गार राहायला पाहिजे. टाकीत आमची एक बोटाएवढी सळई असते, ती गारवा मोजते. भिंतीवर एक डबी, डबीत सिमकार्ड. डबी बिचारी रात्रंदिवस आकडे पाठवत राहते. सकाळ झाली की यंत्रणा त्या आकड्यांचा एक कागद करते : दूध किती गार होतं, वीज कधी गेली, झाकण किती वेळ उघडं होतं. खाली एक रेघ. रेघ सपाट असली तर दूध गार, रेघेला डोंगर आला तर दूध तापलं. हा झाला रिपोर्ट. तो क्लाउडवर जाऊन बसतो. क्लाउड म्हटलं की आमच्याकडची माणसं वर बघतात, पण तो ढग नव्हे. कुणाच्या तरी मोठ्या कॉम्प्युटरमधली ती भाड्याची कोठी असते. म्हणजे खरे भाडेकरू आम्हीच, पण ते सभेत सांगायची माझी हिंमत झाली नाही.

प्रत्येक संस्थेला स्वतंत्र यंत्रणा परवडत नाही, म्हणून एकाच यंत्रणेत सगळ्या संस्था नांदतात. इमारत एक, जिना एक, पाण्याची टाकी एक, आणि बिऱ्हाडं अनेक. प्रत्येकाच्या दाराला आपापलं कुलूप. याचा रिपोर्ट त्याला दिसता कामा नये. फक्त दूध विकत घेणाऱ्या मोठ्या डेअरीला सगळ्यांचे रिपोर्ट दिसतात, कारण दूध शेवटी तिच्याच दारात जातं.

यात अवघड काय, असं वाटेल. रिपोर्ट ठेवायचा आणि मागितला की द्यायचा. पण ठेवणं सोपं असतं. मीसुद्धा चष्मा रोज ठेवतो. तो सापडत का नाही हे आमच्या बायकोला विचारा. आमचा सगळा धंदा त्या सापडण्याचा आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात काही सापडायचं म्हणजे आधी गाव सापडलं पाहिजे. वडगाव म्हणा, चार बाजूंनी चार माणसं "ओ" देतील. त्यात केज तालुक्यातल्या युसूफ वडगावनं निदान शहाणपणा केला, गावाच्या आधी माणसाचं नाव लावलं. बाकीची वडगावं, पिंपळगावं, वाड्या आणि वस्त्या ज्याच्या त्याच्या तोंडात वेगळ्या. बीड इंग्रजीत लिहायचं तर त्याचीच तीन स्पेलिंगं आमच्या यंत्रणेत सापडली होती. एक गृहस्थ तर रिपोर्ट तारखेनं मागायचेच नाहीत. "आवसंचा काढा," म्हणायचे. अमावस्येला दूध नासतं अशी त्यांची खात्री होती आणि यंत्रणेनं ती सिद्ध करून द्यावी असा आग्रह. मी दर महिन्याला पंचांग बघून त्यांना अमावस्येचा रिपोर्ट काढून द्यायचो. रेघ सपाट. ते डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "मशीनला आवस कळंना झालीय." मग अधिक महिना आला आणि एकाच महिन्याच्या दोन अमावस्या मागायला लागले, तेव्हा मी त्यांच्यासमोर हात टेकले.

पण खरा घोळ अमावस्येनं केला नाही, तो मानानं केला.

मालक झाल्यावर काही दिवसांनी बापूसाहेब डेअरीत गेले. तिथल्या पडद्यावर सगळ्या संस्थांची नावं वर्णानुक्रमानं लावलेली. हिरकणी 'ह'ची, म्हणजे तळाशी. तिथूनच मला फोन आला. "आमाला शेवटी कावून टाकलं, इलासराव? दूध आमचं सगळ्यात जास्त, आन नाव पायाशी?" मी वर्णमाला समजावून सांगायला गेलो. ते म्हणाले, "वर्णमाला तुमी लिवली का? मंग बदला."

वर्णमाला बदलता येईना, म्हणून पुण्यानं यंत्रणेत एक नवा रकाना केला : मानक्रम. पोळ्याला मानाचा बैल वेशीतून आधी जातो, तसं मानक्रम एक असलेली संस्था यादीत आधी. बापूसाहेबांना एक नंबर मिळाला. ही बातमी इतर अध्यक्षांच्या कानावर जायला दुसरा दिवस उजाडावा लागला नाही. कुणी म्हणे आमची संस्था जुनी, कुणी म्हणे आमच्या गावात देऊळ मोठं. मग नुसत्या क्रमांकावर भागेना. रिपोर्ट ज्या कप्प्यात ठेवायचा त्या कप्प्याच्या नावातच अध्यक्षांचं नाव आलं. अध्यक्ष आले म्हणून उपाध्यक्ष आले. सचिव नाराज झाले म्हणून सचिव आले. एका संस्थेनं 'आपले नम्र' सुद्धा घालून मागितलं. आमच्या क्लाउडमधला रिपोर्टचा पत्ता वाचला की वाटायचं, आता शेवटी 'लग्नाला यायचं हं' येणार.

निमंत्रणपत्रिका फेकून देता येते, पत्ता रोज वापरावा लागतो. संस्थेची निवडणूक झाली, अध्यक्ष बदलला की नवे रिपोर्ट नव्या अध्यक्षांच्या नावाच्या कप्प्यात जायचे आणि जुने जुन्याच्या नावावर मागे राहायचे. मग कुठला रिपोर्ट कुठे आहे हे सांगणारी यादी वेगळी. यादी एक सांगायची, कोठी दुसरंच. पुण्याची मंडळी दर वेळी एक ठिगळ लावायची आणि आम्ही बीडवाले दर वेळी "झालं, आता सापडेल" असं सांगायचो.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. कौसल्याबाई आल्या त्या दिवसापर्यंत मीही हसतच होतो.

बार्शी नाक्याजवळ एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस. पोळा होऊन गेला होता, दसरा यायचा होता. दुपारी जिना चढून एक बाई आल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत, पदराच्या टोकातून फोन काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर लाल अक्षरं होती : 'हा रिपोर्ट पाहण्याची आपणास परवानगी नाही.'

"मशीन मपल्या गावात," त्या म्हणाल्या. "राखते मी. धुते मी. आन तिचा रिपोर्ट बघायला मलाच परवानगी न्हाई? मंग कुणाला हाय?"

शिरूर कासारच्या अंगालाही एक बोरवाडी आहे. तिथल्या सावली महिला दूध संस्थेच्या या अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे केंद्राची किल्लीही त्यांच्याकडे, टाकी धुवायचा ब्रशही त्यांच्याच हातात. त्यांचा मानक्रम यादीत कुठेतरी खाली होता आणि त्यांनी तो कधी विचारला नव्हता. "बसा, कौसल्याबाई," मी म्हटलं, "काहीतरी घोटाळा असेल, काढू शोधून."

"निवांत शोधाया टाइम न्हाई. सोमवारी गाडी येनार हाय."

"कशाची गाडी?"

"मशीन उचलाया."

डेअरीनं सगळ्या केंद्रांच्या उन्हाळ्यातल्या रिपोर्टांची तपासणी केली होती. बोरवाडीच्या सावली केंद्रावर दूध वारंवार तापलेलं दिसलं. म्हणून मशीन तिथून काढून दुसरीकडे द्यायचं ठरलं. कुणाला, तर ज्यांनी दुसऱ्या मशीनची मागणी लावून धरली होती त्या बापूसाहेबांना.

"दूध तापलं न्हाई," कौसल्याबाई म्हणाल्या. "म्या त्या सायबाला सांगितलं. दुधाचं वगराळं भरून काडते, गालाला लावते, मला कळतंय न्हवं गार का गरम. तर म्हणतेत, बाई, मशीन खोटं बोलत नसतंय."

शिरूरकडच्या गावांचं मी तुम्हाला काय सांगायचं! दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरतात आणि अर्धं गाव कारखान्याच्या पट्ट्यात जातं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे माणसं म्हणतच नाहीत, 'कोयता' म्हणतात. एक जोडी म्हणजे एक कोयता. कौसल्याबाईंनी अनेक हंगाम तसा कोयता धरला होता. मशीन आलं, गावातल्या बायका दूध घालायला लागल्या, तेव्हा त्यांनी तो ठेवून दिला. दोन्ही मुली एकाच शाळेत, एकाच गावात वर्षभर राहायला लागल्या. मशीन गेलं की जवळचं केंद्र इतकं लांब की दूध पोचेपर्यंत फुटणार, म्हणजे दूध बंद.

"मुकादम इचारून गेला परवा," त्या म्हणाल्या. "म्हनला, औंदा येताव का? म्या म्हनलं, सोमवारी सांगते."

एवढं बोलून त्या खुर्चीवर बसल्या. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणावर ते मात्र ठरवता येईना.

मी डेअरीच्या संकलन अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "विलासराव, मला काय हौस आहे का? तुमचाच रिपोर्ट आहे. दोन्ही बोरवाड्या सारख्याच बिघडल्यात."

"दोन्ही सारख्या बिघडल्यात, तर उचलताय एकाच बोरवाडीचं?"

त्यांनी आवाज खाली केला. मग ते म्हणाले, "बापूसाहेबांचं मशीन मी उचलू म्हणता?"

त्यांच्या बोलण्यातला एक शब्द मात्र कानात राहिला. सारख्याच. मी त्यांच्याकडून दोन्ही रिपोर्ट मागवले आणि पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले. एकाच घरातल्या दोघी जणींच्या भाकरी सारख्या होत नाहीत. इथे दोन गावं, दोन मशीनं, विजेचे दोन फिडर. आणि रेघ? वळणाला वळण, डोंगराला डोंगर. दोन्ही बोरवाड्यांची वीज एकाच मिनिटाला गेलेली आणि एकाच मिनिटाला आलेली. असं या जिल्ह्यात कधी होत नाही हे सांगायला वीजमंडळात नोकरी लागत नाही.

पुण्याला मृण्मयी म्हणून आमची प्रोग्रामर आहे. हुशार, स्पष्ट बोलणारी, आणि आमच्या मानक्रमाला मनापासून वैतागलेली. तिला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं, कीबोर्डचा आवाज आला आणि मग ती हसायलाच लागली.

"सर, घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. तुम्ही बोरवाडीचा रिपोर्ट मागितला की यंत्रणा मानक्रमानं कप्पे उघडत जाते. ज्या कप्प्यात पहिल्यांदा बोरवाडी दिसेल तिथे थांबते. मानक्रम एक कुणाचा?"

मी कपाळावर हात मारला. बापूसाहेबांना सगळ्यात आधी जायचं होतं. यंत्रणा इमानदारीनं त्यांना सगळ्यात आधी नेत होती. कुठल्याही बोरवाडीचं नाव घ्या, दारात बापूसाहेबांचा रिपोर्ट उभा.

"आणि कौसल्याबाईंना परवानगी नाही असं का?"

"कारण यंत्रणा आधी शोधते, कुलूप नंतर बघते. सापडला हिरकणीचा रिपोर्ट, विचारणारी संस्था सावली. मग म्हणते, परवानगी नाही. तिच्या हिशेबानं ती बरोबरच आहे."

मृण्मयी म्हणाली, शोधताना तालुक्याचं नाव जोडते, अर्ध्या तासात काम होईल. मी नाही म्हटलं. इतकी वर्षं आम्ही जोडतच आलो होतो. तालुका जोडला की उद्या एकाच तालुक्यात दोन वाड्या निघणार, परवा तालुक्याचं स्पेलिंग बदलणार. मी म्हटलं, "आता जोडू नकोस. काढ. काय काय काढता येईल ते सांग."

ती एकदम खूश झाली. "सगळंच, सर."

मग तिनं जे केलं ते इतकं साधं आहे की सांगताना लाज वाटते. संस्था यंत्रणेत येते तेव्हा तिला एक कायमचा क्रमांक मिळतो. मशीनवर कारखान्यानं ठोकलेला नंबर असतो, तो मशीन भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. आणि दिवसाला तारीख असते. संस्था, मशीन, तारीख. एवढाच रिपोर्टचा पत्ता. गाव नको, तालुका नको, अध्यक्ष नकोत, नम्र नकोत. या तीन गोष्टी माहीत असल्या की पत्ता आपोआप तयार होतो, म्हणून ती वेगळी यादीही नको. आणि कुलूप आधी. आपल्या बिऱ्हाडात शिरायचं आणि मगच कपाट उघडायचं, म्हणजे दुसऱ्याच्या कपाटाशी जायचा प्रश्नच येत नाही. डेअरीला सगळी बिऱ्हाडं खुली, पण तिनंही आधी दार सांगायचं, मग कपाट. अधिक महिन्यालाही त्यात जागा राहिली नाही.

नवे रिपोर्ट नव्या पत्त्यावर जातील, पण सोमवारच्या आत लागत होते ते उन्हाळ्यातले. ते कोठीत कुठेतरी होते, सावलीच्या आधीच्या अध्यक्षांच्या नावाच्या कप्प्यात किंवा कौसल्याबाईंच्या. प्रत्येक रिपोर्टाच्या पोटात मशीनचा नंबर छापलेला असतो. तो नंबर मिळाला की मृण्मयी सगळे उचलून जागेवर लावणार होती. मात्र आमच्या नोंदीत सावलीच्या मशीनच्या नंबराच्या जागी कुणीतरी 'बोरवाडी नवीन' असं लिहून ठेवलं होतं. तोवर कौसल्याबाई दुपारची एसटी धरून गावी पोचल्या होत्या. मी फोन केला.

"मशीनच्या बाजूला पत्र्याची पट्टी असेल, तिच्यावरचा नंबर वाचा."

"पट्टी हाय. पन नंबर दिसंना."

"का?"

"मागल्या खंडेनवमीला पुजा केली न्हवं! त्याच्यावर सातिया काडलाय शेंदराचा. तेलात कालवून. लई पक्का बसलाय."

वर्षभर मशीननं आपला नंबर शेंदराच्या स्वस्तिकाखाली झाकून ठेवला होता. "खरवडा," मी म्हटलं.

"सातिया खरवडू?"

"कौसल्याबाई, मशीन राहिलं तर यंदा नवा काढा. थोडा बाजूला."

मग खरवडण्याचा आवाज आला, तोंडातल्या तोंडात देवाची माफी मागण्याचाही आला. आकडे त्यांनी झरझर वाचले. मधे इंग्रजी अक्षर आलं तिथे अडल्या. "एक टिकाव हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"टिकाव हो, माती खंदायचा. उबा दांडा, वर आडवं लोखंड."

मी मृण्मयीला दुसऱ्या फोनवर सांगितलं, "टी." तिला टिकाव माहीत नव्हता, मला वेळ नव्हता. तिनं नंबर घातला. मग माझ्या पडद्यावर सावलीचे रिपोर्ट एकामागून एक यायला लागले, पूर्ण उन्हाळ्याचे. मी एक उघडला, दुसरा उघडला, मग सगळेच उघडत सुटलो. रेघ सपाट. वीज गेली तिथे बारीकसा उंचवटा, जनरेटर लावला की पुन्हा सपाट. या दुष्काळी रानात एवढं गार दूध मी दुसऱ्या कुठल्या केंद्रावर पाहिलं नव्हतं.

"कौसल्याबाई," मी म्हटलं, "दूध गार होतं."

"ते मला मालूम हाय," त्या म्हणाल्या. "फुडं बोला."

रिपोर्ट डेअरीला गेले आणि सोमवारी गाडी आली नाही. अधिकाऱ्यांनी फोन करून "गैरसमज झाला" असं म्हटलं. कुणाचा गैरसमज ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुकादमाला कौसल्याबाईंनी नाही सांगितलं.

बापूसाहेबांच्या रेघेवरच्या डोंगरांचा उलगडाही यथावकाश झाला. गावात वाढदिवस, सत्कार, उद्घाटन काहीही असलं की मांडवाच्या लायटिंगला वीज लागायची आणि ती केंद्राच्या बोर्डातून घ्यायचे. कूलर तेवढा वेळ बंद, कार्यक्रम संपला की चालू, टँकर येईस्तोवर दूध परत गार. बापूसाहेबांचा एवढा सत्कार होत असेल असं मला वाटलं नव्हतं. डेअरीनं त्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण त्यानंतर मांडवाला वेगळा जनरेटर यायला लागला. नव्या यंत्रणेत प्रत्येक मालकाला फक्त स्वतःची संस्था दिसते, आणि एकच नाव असल्यामुळे ते सगळ्यात वर असतं. बापूसाहेबांचा मला खास फोन आला. "आता कसं बगा, इलासराव! आमी पयले, आन आमच्या खाली कुनीच न्हाई!" मी त्यांचं अभिनंदन केलं.

मी मात्र सावलीच्या बोरवाडीला मुद्दाम गेलो. टाकी घासून लख्ख केलेली, नंबराची पट्टी मोकळी. बायका दूध घालून गेल्या होत्या. कौसल्याबाईंनी चहा केला, खास दुधाचा, आणि मी जरा फुशारून सांगायला लागलो : आता पत्ता कसा सोपा झाला, आता चूक कशी होणार नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते खराब रिपोर्ट कुणाचे हुते?"

"ते सांगायची परवानगी नाही."

"ऱ्हाऊ द्या. बोरवाडी दुसरी एकच हाय," असं म्हणून त्या हसल्या. मीही हसलो. मग त्या हसायच्या थांबल्या. "दादा, एक इचारू? मशीन खोटं बोललं तवा सायबानं मशीनचं ऐकलं. आता खरं बोललं, तवा बी मशीनचंच ऐकलं. म्या तर दोन्ही टायमाला एकच सांगत हुते. मपलं कवा ऐकनार?"

मी चहाचा कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांचे नाना प्रश्न झेलले, मानाचे, अमावस्येचे, भाडेकरूचे. हा त्यातला नव्हता.

बीडला येऊन मी मृण्मयीला सांगितलं की मला एक गोष्ट जोडून पाहिजे. ती म्हणाली, "सर, आता कुठे सगळं काढलंय!" मी म्हटलं, एकच. रोज सकाळी रिपोर्ट तयार होण्याआधी केंद्र चालवणाऱ्या माणसानं फोनवर बटण दाबून एक वाक्य बोलायचं. ते जसं बोललं तसं रिपोर्टवर छापायचं. भाषा सुधारायची नाही. ती जरा कुरकुरली आणि मग आमच्या वायद्याच्या आधीच तिनं ते केलं.

पहिल्या सकाळी सावलीचा रिपोर्ट उघडला. "दूध गार हाय. म्या बघितलंय." एवढंच होतं, आणि बोलणारीचं नाव.

मृण्मयीचा फोन आला. "सर, ते बोललेलं कुठे ठेवू? रिपोर्टच्या खाली, शेरा म्हणून टाकते."

"वर ठेव," मी म्हटलं. "खरा रिपोर्ट तोच आहे. खालचे आकडे नुसते सोबत जोडलेत."